लीळाचरित्र वाचण्यापूर्वी: महानुभावांचे काही शब्द

लीळाचरित्र हा महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी यांच्यावरचा, मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ. म्हाइंभटांनी तो सुमारे 1278 मध्ये सिद्ध केला. सातशे वर्षांपूर्वीची मराठी म्हणून आपण जरा दबकतच तो उघडतो आणि चार पाने वाचल्यावर धीर येतो. वाक्ये लहान आहेत, माणसे बोलतात तशी बोलतात, आणि देवता, प्रपंच, प्रसाद, स्थान, भिक्षा हे शब्द तर आपल्या घरातलेच आहेत. खरी अडचण इथेच सुरू होते. न कळणारा शब्द आपण कोशात पाहतो, पण ओळखीच्या शब्दावर थांबायचे सुचत नाही. महानुभाव पंथात हे शब्द नेमक्या, ठरवून दिलेल्या अर्थांनी येतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत: परमेश्वर हा देवतांहून निराळा आहे, आणि तो आज आपल्याजवळ नाही. यातली दुसरी गोष्ट ध्यानात ठेवली की पंथाचे तत्त्वज्ञान, आचार आणि वाङ्मय यांतले बहुतेक शब्द आपापल्या जागी बसतात.

चार नित्य पदार्थ

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आहेत, एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, आणि एकाचे दुसऱ्यात कधीच रूपांतर होत नाही. चक्रधर स्वामींच्या निरूपणाचा हा पाया. याच शतकात, 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्यातल्या अद्वैतात जीव आणि ब्रह्म शेवटी एकच ठरतात. महानुभाव मत द्वैती आहे. मुक्त झालेला जीवही परमेश्वर होत नाही, तो परमेश्वराच्या आनंदाचा अनुभव घेतो.

जीवाला ‘बद्धमुक्त’ म्हटले आहे. तो आज बांधलेला आहे, पण सुटण्यास पात्र आहे. देवता ‘नित्यबद्ध’ आणि परमेश्वर ‘नित्यमुक्त’. ही तीन विशेषणे पाठ केली तरी अर्धे तत्त्वज्ञान हाती येते.

‘प्रपंच’ म्हटले की आपल्यापुढे चूल, मुले, कर्ज आणि लग्नकार्ये उभी राहतात. इथे प्रपंच म्हणजे सारे जड जग. त्याचे दोन प्रकार मानले आहेत. सृष्टी उभी राहण्यापूर्वीचे तिचे सूक्ष्म मूळ म्हणजे कारणप्रपंच, तो नित्य आहे. डोळ्यांना दिसणारे, घडणारे आणि मोडणारे जग म्हणजे कार्यप्रपंच, ते अनित्य आहे. महानुभाव ग्रंथात ‘प्रपंच’ दिसला की संसार आठवण्याआधी हा भेद आठवावा.

देवता

महानुभाव देव मानत नाहीत, असा समज अजूनही भेटतो. तो चुकीचा आहे. पंथ देवतांचे अस्तित्व पूर्णपणे मानतो, त्यांची संख्यासुद्धा सांगतो: 81 कोटी, सव्वा लाख आणि वर दहा. त्यांच्या पायऱ्या आहेत, सामर्थ्ये आहेत, आणि त्या आपल्या भक्तांना फळही देतात. मात्र ते फळ संपणारे असते. स्वर्ग मिळाला तरी पुण्य सरले की जीव परत येतो. देवता स्वतःच नित्यबद्ध असल्यामुळे मोक्ष देणे त्यांच्या हाती नाही. तो फक्त परमेश्वर देतो.

या भेदाचे परिणाम दूरवर जातात. ब्रह्मा, विष्णू, महेश हे सारे देवतांमध्ये मोडतात. तेराव्या शतकातल्या महाराष्ट्रात, जिथे वारावाराची व्रते होती आणि गावोगावी क्षेत्रदेवता होत्या, तिथे ‘यांची भक्ती केली तरी तिने सुटका होणार नाही’ असे सांगणे किती धाडसाचे होते, हे आज सहज जाणवत नाही.

अवतार आणि पंचकृष्ण

वैष्णव परंपरेत कृष्ण हा विष्णूचा अवतार. महानुभावांत तसे म्हणता येत नाही, कारण विष्णू ही देवता आणि कृष्ण हा थेट परमेश्वराचा अवतार आहे. असे पाच अवतार ‘पंचकृष्ण’ म्हणून वंदिले जातात: द्वारकेचे श्रीकृष्ण, माहूरशी जोडलेले दत्तात्रेय, फलटणला जन्मलेले चांगदेव राऊळ म्हणजे चक्रपाणी, ऋद्धपूरचे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ, आणि चक्रधर. पंथाच्या परंपरेनुसार चांगदेव राऊळांनी द्वारकेत देह ठेवला आणि भडोचच्या प्रधानाच्या मृत पुत्राच्या, हरिपाळदेवाच्या, देहाचा स्वीकार केला. तेच पुढे चक्रधर. म्हणजे मराठी गद्याला ज्यांच्या बोलण्याने आकार दिला, ते स्वामी गुजरातेतून आलेले होते.

पाचांपैकी चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे जवळच्याच काळातले. परमेश्वर मनुष्यदेह धरून आपल्या बोलीत बोलतो, जेवतो, रागावतो, लहान मुलाला जवळ घेतो, हे त्यांच्या शिष्यांनी पाहिले होते. पुढचे सगळे शब्द या पाहण्यातून आणि नंतरच्या विरहातून आलेले आहेत.

सन्निधान आणि असन्निधान

‘सन्निधान’ म्हणजे अवताराचे प्रत्यक्ष जवळ असणे, ‘असन्निधान’ म्हणजे ते जवळ नसणे. माझ्या मते या पंथाची किल्ली या जोडीत आहे.

तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात चक्रधर उत्तरेकडे निघून गेले. पंथ त्यांच्या मृत्यूची भाषा करत नाही, उत्तरेकडच्या प्रयाणाची करतो. मागे राहिलेले नागदेवाचार्य आणि इतर शिष्य ऋद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. काही वर्षांनी गोविंदप्रभूही गेले आणि असन्निधान पुरते झाले. ज्यांच्याजवळ बसून शंका विचाराव्यात, ज्यांच्या नजरेने दुःख हलके व्हावे, ते आता नाहीत. मग जगायचे कसे? चक्रधरांनी जाण्यापूर्वी या काळासाठी आज्ञा करून ठेवल्या होत्या: महाराष्ट्रात राहावे, कानडी आणि तेलुगू मुलखात जाऊ नये, एका जागी गुंतू नये, अपरिचित गावात आणि झाडाखाली राहावे, स्मरण करावे. महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा हल्ली भाषाभिमानाच्या व्याख्यानांत नेहमी ऐकू येते. मूळ संदर्भात ती साधकाच्या आचाराची आज्ञा आहे. स्वामींमागे एकटे पडलेल्या माणसाने कुठे आणि कसे असावे, याची काळजी तिच्यात आहे.

लीळा

अवताराची प्रत्येक कृती म्हणजे लीळा. चमत्कार असलाच पाहिजे, असे मुळीच नाही. कुठे मुक्काम केला, काय जेवले, कुणाशी काय बोलले, हे सारे लीळेत येते. लीळाचरित्राचे तीन भाग आहेत. चक्रधर एकटे फिरत होते त्या काळाचा ‘एकांक’, आणि त्यानंतरचे ‘पूर्वार्ध’ व ‘उत्तरार्ध’.

म्हाइंभट हे गाढे पंडित. चक्रधरांशी वाद घालायला म्हणून ते आले होते. असन्निधानात त्यांनी नागदेवाचार्यांकडून आठवणी काढून घेतल्या, ज्या ज्या माणसाने जे पाहिले त्याच्याकडे जाऊन विचारले, आणि मगच लिहिले. खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्या तोंडून ती पुन्हा उभी केली गेली. म्हणून आज तिचे निरनिराळे पाठ आढळतात. एका लीळेत स्वामी कोणत्या दिशेला तोंड करून बसले होते, हेसुद्धा नोंदलेले सापडते. वाचणाऱ्याला हा तपशील फाजील वाटू शकतो, पण स्मरणासाठी तोच लागतो.

स्मरण

नामजप एवढाच स्मरणाचा अर्थ इथे नाही. परमेश्वराचे नाव, त्याची मूर्ती, त्याच्या लीळा आणि त्याच्या चेष्टा म्हणजे हालचाली, या सर्वांचे मनात क्रमाने येणे म्हणजे स्मरण. म्हणून साधकाला स्वामी बसले कसे, चालले कसे, हसले कसे ते ठाऊक असावे लागते. लीळाचरित्र हा या अर्थाने साधनेचा ग्रंथ आहे. इतिहासाचे साधन म्हणून आपण तो वापरतो, तेव्हा हे विसरू नये.

स्थान, ओटा, विशेष, प्रसाद

जिथे अवतार बसला, निजला, जेवला किंवा उभा राहिला, ती जागा म्हणजे ‘स्थान’. अशा जागी ‘ओटा’ बांधलेला असतो आणि त्यालाच नमस्कार करतात. मूर्ती पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना चुन्याने रंगवलेला किंवा फरशी बसवलेला साधा ओटा रिकामा वाटतो. श्रद्धाळू मात्र तिथे डोके टेकतो, कारण इथे अवताराचा संबंध झाला होता. कोणत्या गावात कोणते स्थान कुठे आहे, याची नोंद ‘स्थानपोथी’ या ग्रंथात आहे. मध्ययुगीन महाराष्ट्राच्या भूगोलाचे हे एक विलक्षण साधन आहे, कारण देवळाचे दार कोणत्या दिशेला, नदी किती जवळ, हे त्यात सांगितलेले असते. अमरावती जिल्ह्यातले ऋद्धपूर, गोदावरीकाठचे डोमेग्राम म्हणजे आजचे कमालपूर, पैठण, जालना जिल्ह्यातला जाळीचा देव या ठिकाणी आजही माणसे दुरून येतात.

स्थानाच्या पाषाणाचा लहान तुकडा घडवून जवळ बाळगतात, त्याला ‘विशेष’ म्हणतात. ‘प्रसाद’ हा शब्दही याच कुळातला. आपण हात पुढे केला की शिरा किंवा पेढा मिळतो, तो प्रसाद. महानुभावांत अवताराचा स्पर्श झालेली वस्तू म्हणजे प्रसाद, मग ते वस्त्र असेल किंवा दगड. ती खायची नसते, वंदायची असते. स्थान, विशेष आणि प्रसाद या तिन्हींत देवाचा वास आहे असे पंथ म्हणत नाही. तिथे झालेला संबंध तो जपतो.

अनुसरण, वासनिक, भिक्षा

घर सोडून परमेश्वराच्या मार्गाला लागणे म्हणजे ‘अनुसरण’. अमुक अनुसरली, अमुक अनुसरला, अशी वाक्ये ग्रंथांत पानोपानी आहेत, आणि त्यात स्त्रिया पुष्कळ आहेत. स्त्रीला संन्यासाचा अधिकार चक्रधरांनी दिला. ‘धवळे’ ही लग्नगीते रचणारी महदंबा ऊर्फ महदाइसा ही त्यांपैकीच. तिचे प्रश्न वाचले की कळते, या मंडळीत बाईला विचारण्याची मोकळीक होती.

जो घरीच राहून धर्म पाळतो तो ‘वासनिक’. वासना म्हणजे कामेच्छा या आजच्या अर्थाशी याचा संबंध लावू नये. मार्गाची ओढ असलेला गृहस्थ, एवढाच याचा भाव.

‘भिक्षा’ ही उपजीविका खरी, पण आधी ती साधना आहे. चारी वर्णांच्या घरी जावे, अमुक घर चांगले वाढते म्हणून निवडू नये, मिळेल ते एकत्र करून खावे. जिभेची आवड आणि जातीचा अभिमान, दोन्ही एका झोळीत मोडतात. भिक्षेबरोबर ‘अटन’ म्हणजे सतत फिरणे आणि ‘विजन’ म्हणजे निर्जन जागी स्मरणास बसणे, हे दिनक्रमाचे भाग.

विटाळ

या एका शब्दाचा अर्थ पंथाने बदलला नाही, त्याचा आधारच काढून घेतला. शरीराला अनेक द्वारे आहेत, नाकातून शेंबूड येतो, डोळ्यांतून चिपडे येतात, तसाच मासिक पाळीचा हा एक स्राव, त्याचा विटाळ कसला, असे चक्रधरांनी शिष्यांना समजावले. ही गोष्ट तेराव्या शतकातली आहे. आजही अनेक घरांत बाई त्या चार दिवसांत बाजूला बसते, तेव्हा हा संवाद शाळेच्या पुस्तकात असायला हवा होता असे मला मनापासून वाटते.

सूत्र आणि दृष्टान्त

स्वामींची निरूपणातली वचने नागदेवाचार्यांचे शिष्य केसोबास यांनी लीळाचरित्रातून वेचून विषयवार लावली. तो ‘सूत्रपाठ’. ही सूत्रे अतिशय आखूड आहेत आणि ती समजण्यासाठी कोणत्या प्रसंगी बोलली गेली ते पाहावे लागते. त्यांच्याच ‘दृष्टान्तपाठा’त 114 दृष्टान्त आहेत. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट त्यांपैकी एक. प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र, मग गोष्ट म्हणजे दृष्टान्त, आणि शेवटी ‘दार्ष्टान्तिक’ म्हणजे त्या गोष्टीने सिद्ध होणारा सिद्धान्त, अशी रचना असते. केसोबासांची ओढ संस्कृतकडे होती. आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याने वंचित राहतील म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना मराठीतच लिहायला लावले, अशी आठवण ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहे. कोणासाठी लिहायचे, हे या पंथाला पक्के ठाऊक होते.

मानभाव

पंथाची जुनी नावे परमार्ग, भटमार्ग अशी आहेत. पंजाबात तो ‘जयकृष्णी’ नावाने ओळखला जातो. ‘महानुभाव’चे बोलीतले रूप ‘मानभाव’ झाले, आणि त्यावरून मराठीत ‘मानभावी’ हा शब्द आला: वरवर गोड, आत कपटी. करणी कसाबाची, बोलणी मानभावाची, ही म्हणही रूढ झाली. अहिंसा आणि मृदू वाणी ज्यांच्या आचारात आहे, त्यांच्या नावालाच ढोंगाचा अर्थ चिकटला. देवता आणि कर्मकांड यांना दुय्यम ठरवणारा, सर्वांच्या घरी भिक्षा घेणारा, स्त्रियांना संन्यास देणारा पंथ समाजाला रुचला नाही, हे त्यामागचे एक कारण. दुसरे कारण पुढच्या शब्दात आहे.

सकळ लिपी

धर्मग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून पंथाने सांकेतिक लिप्या तयार केल्या. ‘सकळ’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेली पोथी बाहेरच्याला वाचता येत नसे. त्यामुळे ग्रंथ बाहेरच्या फेरफारापासून वाचले, हा मोठा लाभ. पण पोथ्या कित्येक शतके मठांत बंद राहिल्या, आणि आत काय आहे ते माहीत नसलेल्या लोकांनी हवे ते तर्क केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली. पुढे पंथातल्या महंतांनी पोथ्या दिल्या, आणि ह. ना. नेने, वि. भि. कोलते, शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या संपादकांनी त्या छापून आणल्या. ऋद्धपूरला आता मराठी भाषेचे विद्यापीठही सुरू झाले आहे. नव्याने वाचू पाहणाऱ्याने दृष्टान्तपाठापासून सुरुवात करावी, कारण तिथे गोष्टी लहान आहेत आणि सिद्धान्त सोबतच सांगितलेला आहे. त्यानंतर लीळाचरित्राचा एकांक घ्यावा, आणि सूत्रपाठ अगदी शेवटी.