प्रौढ वयातील परिचर्या-प्रवेश : आंधळगावच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे विणकरांचे गाव असून कोशाच्या वस्त्रांसाठी ओळखले जाते. हातमागाच्या घरात मागावर पुरुष बसला तरी कांड्या भरण्यासारखी पूर्वतयारीची कामे स्त्रियाच करीत आल्या आहेत. या व्यवसायाचा आधार अपुरा पडू लागला की घरातील स्त्रीपुढे अर्थार्जनाच्या दुसऱ्या मार्गाचा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न बहुधा विवाह, बाळंतपणे आणि मुलांचे प्रारंभीचे संगोपन आटोपल्यावर, म्हणजेच तिशीत उद्भवतो. अशा वेळी परिचर्येचा व्यवसाय तिला खुला आहे काय, असल्यास किती काळ, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
परिचर्या हे केवळ तरुण मुलींचे क्षेत्र आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी जर्मनीतील कैसरवर्थ येथे 1851 साली प्रशिक्षण घेतले, तेव्हा त्यांचे वय 31 वर्षांचे होते. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने सुरू झालेल्या विद्यालयाने उमेदवारांसाठी 25 ते 35 हे वय इष्ट मानले होते.

महाराष्ट्रातील अनुभवही असाच आहे. रमाबाई रानडे यांनी 1909 साली पुण्यात सेवासदनाचे कार्य उभे केले, तेव्हा त्यांनी वयाची 45 वर्षे ओलांडली होती. शाळेचे वय उलटून गेलेल्या विवाहित व विधवा स्त्रियांना स्वावलंबी करणे हे या संस्थेचे प्रमुख उद्दिष्ट होते. संस्थेने आपल्या विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविले. परक्या रुग्णाची सेवा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे मानणाऱ्या समाजात ही गोष्ट सोपी नव्हती. तात्पर्य, प्रौढ स्त्रीचा प्रवेश हा या व्यवसायाच्या मराठी परंपरेतील अपवाद नसून तिच्या पायाचाच एक भाग होय.

प्रौढत्वाचे मोल :
ग्रामीण आरोग्यसेवेतही हेच सूत्र पुन्हा प्रत्ययास येते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जामखेड येथे गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून घडविले. त्यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत स्थानिक स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले.

2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ कार्यकर्तीसाठी 25 ते 45 हा वयोगट ठरविला आणि ती त्याच गावची विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री असावी, अशी अपेक्षा ठेवली. संसार केलेल्या बाईच्या शब्दावर गावाचा विश्वास बसतो, हे शासनाने यातून मान्यच केले आहे.

वयोमर्यादेची अडचण :
परंतु औपचारिक शिक्षणाचे नियम याच्या उलट दिशेने जातात. भारतीय परिचर्या परिषदेने दोन वर्षांच्या सहायक परिचारिका प्रसाविका (एएनएम) आणि तीन वर्षांच्या सामान्य परिचर्या व प्रसाविका (जीएनएम) या दोन्ही अभ्यासक्रमांसाठी प्रवेशाचे किमान वय 17 व कमाल वय 35 वर्षे ठरविले. त्यामुळे चाळीस वर्षांची स्त्री ‘आशा’ म्हणून पात्र ठरते; मात्र त्याच अनुभवाच्या बळावर परिचारिका होण्याचे दार तिला बंद असते.

शासकीय सेवेचा विचार करता अडचण आणखी वाढते. महाराष्ट्रात 2016 च्या निर्णयानुसार शासकीय नोकरीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी 38, तर मागासवर्गीयांसाठी 43 वर्षे झाली. खुल्या प्रवर्गातील जी स्त्री पस्तिसाव्या वर्षी जीएनएमला प्रवेश घेते, ती पदविका हाती येईपर्यंत या मर्यादेला टेकलेली असते. तिला खाजगी व धर्मादाय रुग्णालयांचाच आधार उरतो.

या नियमांत एक वाट मात्र मोकळी आहे. एएनएम झालेल्या स्त्रीला पुढे जीएनएमला प्रवेश घेताना वयाची कमाल अट लागू होत नाही. म्हणून पस्तिशीच्या उंबरठ्यावरील स्त्रीने प्रथम एएनएम पूर्ण करणे हिताचे ठरते. तिच्यासाठी एकेक वर्षाचे मोल मोठे आहे.

महाविद्यालयांची भूमिका :
येथे ग्रामीण महाविद्यालयांचे कार्य सुरू होते. एएनएम व जीएनएमसाठी बारावी विज्ञान शाखेतूनच उत्तीर्ण असावे लागते, असा गैरसमज सर्वत्र आढळतो. वस्तुतः कला शाखेतून इंग्रजीसह बारावी झालेली विद्यार्थिनीही पात्र असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राची अट बी.एस्सी. नर्सिंगसाठी आहे. बारावी अपुरी राहिलेल्या स्त्रियांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग उपलब्ध आहे.

ही माहिती माजी विद्यार्थिनींपर्यंत वेळेत पोहोचविणे, इंग्रजीचे साहाय्यक वर्ग घेणे आणि प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता तपासण्यास मदत करणे, ही कामे कोणत्याही मोठ्या निधीविना होऊ शकतात. निवासी प्रशिक्षण, रात्रपाळी आणि मुलांची सोय यांविषयी कुटुंबाशी मोकळी चर्चा घडवून आणणे हेही त्यात येते. कारण अनेकदा प्रवेश अडतो तो गुणांमुळे नव्हे, तर घरातील संमतीअभावी.

निष्कर्ष :
ज्या वयात गाव स्त्रीवर विश्वास टाकू लागते, त्याच वयात शिक्षणव्यवस्था तिला नाकारते, हा यातील मूळ विरोध आहे. 2023 साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. या नव्या व्यवस्थेत अनुभवी ‘आशा’ कार्यकर्तींसाठी वयाची अट शिथिल करण्याचा विचार होणे अगत्याचे आहे. तोपर्यंत आंधळगावसारख्या गावातील तिशीच्या स्त्रीला तिच्या हाती नेमकी किती वर्षे आहेत हे सांगणे, एवढे तरी शिक्षकांच्या हाती निश्चितच आहे.