अडचण आधी सांगायची

सकाळी ५:३०

उठल्यावर चहा टाकला आणि काल घरी आणलेल्या दुसरीच्या वह्या पुन्हा उघडल्या. अकरा लेकरांपैकी चौघांनी ‘सत्तावीस’ ७२ असं लिहिलंय. त्यातल्या दोघांचं ‘त्रेचाळीस’ही ३४ झालंय. पंधरा दिवस मी हेच घेतेय. फळ्यावर लिहून झालं, पाढ्यासारखं म्हणून झालं, दहा-दहा वेळा गिरवूनही झालं. दुसऱ्या दिवशी सत्तावीस पुन्हा उलटा.

आज आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आहे. जिल्हा परिषदेच्या दहा-पंधरा शाळांचं मिळून एक केंद्र असतं. महिन्यातून एकदा या शाळांचे शिक्षक केंद्रशाळेत जमतात. कळमनुरी तालुक्यातल्या अशाच एका केंद्रातल्या दोनशिक्षकी शाळेवर मी आहे. एकोणीस वर्षं नोकरी झाली. एवढ्या वर्षांनंतर चारचौघांत उभं राहून ‘दुसरीची संख्या मला शिकवता येईना’ म्हणणं सोपं नाही. तरी त्या चार वह्या मी पिशवीत वेगळ्या ठेवल्या.

सकाळी ७:००

हिंगोली-नांदेड रस्ता सोडून स्कूटी गावाकडे वळली की दोन्ही अंगांना सोयाबीन लागतं. काढणी सुरू आहे. मध्येच हळदीची हिरवीगार पट्टी दिसते. कुठं मळणीयंत्राचा आवाज येतोय. आज हजेरी कमी असणार हे इथंच कळतं. मोठी भावंडं शेतात गेली की धाकट्यांना शाळेत आणणारं कुणी राहत नाही.

परिषदेमुळे शाळा सकाळची आहे. सर आधीच येऊन वर्ग उघडून बसलेत. त्यांच्याकडे तिसरी ते पाचवी, माझ्याकडे पहिली-दुसरी.

सकाळी ८:००

परिपाठ झाला. वर्गातली निम्मी लेकरं तांड्यावरची. घरात गोरबोली, शाळेत मराठी. आई म्हणजे ‘याडी’, भाकरी म्हणजे ‘बाटी’. हे माझ्या टेबलावरच्या एका जाड वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय.

या वहीमागं एक चुटपुट आहे. मी या शाळेवर आले त्याच वर्षी इथले जुने गुरुजी निवृत्त झाले होते. तांड्यावरच्या घराघरात त्यांची ओळख. कोणतं लेकरू कशानं बोलतं होतं, कुणाची आजी शाळेला विरोध करते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. निरोप समारंभात आम्ही त्यांना शाल-श्रीफळ दिलं, भाषणं केली. त्यांना माहीत असलेलं मात्र कुणीच विचारून घेतलं नाही, मीसुद्धा नाही. चित्रातल्या भाकरीकडे बोट दाखवल्यावर पहिलीची लेकरं गप्प का बसतात, हे कळायला मला चार महिने लागले. गुरुजींनी ते एका वाक्यात सांगितलं असतं. तेव्हापासून ही वही सुरू केली. बदली झाली तरी वही शाळेतच राहणार.

सकाळी ९:३०

आज शिकवणं थांबवून मी फक्त एका मुलीच्या हाताकडे पाहत बसले. ‘सत्तावीस’ म्हटलं. तिनं पुटपुटलं, “सत्ता…” आणि सात लिहिला. मग “वीस” म्हणून त्याच्या उजवीकडे दोन लिहिला. तिचा हात कानावर विश्वास ठेवून चालला होता. ऐकलं तसंच तिनं लिहिलं. मी पंधरा दिवस जिला विसराळू समजत होते, ती फार नीट ऐकत होती.

हे मी टाचणवहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं.

सकाळी ११:००

खिचडी वाटून झाली, शाळा सुटली. स्वयंपाकीण मावशी भांडी आवरतायत. सरांनी कुलूप लावलं, खिडक्या पाहून घेतल्या आणि आम्ही निघालो.

दुपारी १२:००

केंद्रशाळेच्या मोठ्या वर्गात पूर्वी आम्ही रांगेनं बसायचो. पुढे टेबल, टेबलामागं बोलणारे, बाकीचे ऐकणारे. परिपत्रकं वाचली जात, माहितीचे तक्ते भरले जात, एखाद्याचा नमुना पाठ होई, टाळ्या वाजत. घरी जाताना हाती फारसं काही नसे.

आता सतरंजीवर गोल करून बसतो. आमच्या केंद्रप्रमुखांनी दोन वर्षांपूर्वी एक पद्धत घातली: आधी अडचण सांगायची, नंतर यश. पहिला तास फक्त ‘मला हे जमत नाही’ यासाठी. त्या दिवशी पहिली अडचण त्यांनी स्वतःची सांगितली होती. एका शाळेतल्या दोन शिक्षकांमधला अबोला त्यांना सोडवता येत नव्हता. नावं न घेता त्यांनी ते मांडलं आणि विचारलं, “तुम्ही काय केलं असतं?” वर्ग शांत झाला. मग एकेकाला कंठ फुटला. वरच्याला ‘माहीत नाही’ म्हणताना पाहिलं की खालच्याची भीती निम्मी होते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

या पद्धतीमागं आमच्या केंद्राचा एक जुना धडाही आहे. दहा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं नाव राज्यभर झालं होतं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं शाळा उभ्या केल्या आणि ठिकठिकाणचे शिक्षक त्या पाहायला गेले. आम्हीही भारावून गेलो. फरशीवर आकडे रंगवले, अक्षरांचे चौकोन आखले. दोन पावसाळ्यांत रंग उडाला आणि आम्ही पुन्हा होतो तिथंच. आम्ही तिथलं ‘काय’ उचललं होतं. लेकरू स्वतः हाताळून शिकतं, म्हणून जमीन हा त्याचा फळा, हे त्यातलं ‘का’ आम्ही नीट विचारलंच नव्हतं. दुसऱ्याचं फळ आणता येतं, पण झाड आपल्याच मातीत लावावं लागतं.

दुपारी १:००

माझी पाळी आली. चार वह्या मध्ये ठेवल्या, मुलीचा हात कसा चालला ते सांगितलं. म्हटलं, “एकोणीस वर्षं शिकवतेय, पण हे मला सुटंना.”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग देगलूरकडून आलेली, अजून शिक्षणसेवक असलेली मॅडम म्हणाली, “आमच्या घरात तेलुगू बोलतात. तेलुगूत सत्तावीसला इरवै एडु म्हणतात. आधी वीस, मग सात. लिहितो त्याच क्रमानं. मला लहानपणी तेलुगूत आकडे सोपे जायचे, मराठीत अडायचे.”

मग उर्दू शाळेचे सर पुढे सरकले. “आमच्याकडे याहून कठीण आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची, पण आकडा डावीकडून उजवीकडे. आणि बोलताना सत्ताईस, म्हणजे सात आधीच. लेकराचा हात एका ओळीत दोनदा दिशा बदलतो. म्हणून मी आधी लिहायला लावत नाही. आधी दहाचे गठ्ठे उचलायचे, मग सुट्या काड्या.”

कुणी तरी २०१९ची आठवण काढली. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात ‘वीस सात’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढं वादळ उठलं होतं! विधिमंडळापर्यंत चर्चा गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, मराठी संख्यानामांतली जोडाक्षरं आणि उलटा क्रम लेकरांना अडवतो. आमच्यातल्या काहींना तेव्हा ते पटलं नव्हतं, मलाही नाही. आज माझ्याच चार वह्या समोर होत्या.

एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, “सत्तावीस हे नाव सोडायचं नाही, लेकराला बाजारात तेच लागतं. पण पूल बांधा. दहाच्या दोन नोटा आणि सात रुपये हातात द्या. आधी नोटा मोजतात की चिल्लर? नोटाच. तर लिहितानाही नोटा आधी.”

अर्ध्या तासात माझ्या एका अडचणीला तीन दारं उघडली. या तिघांचे वर्ग, भाषा, वयं वेगळी. त्यांच्यातल्या प्रत्येकाकडे एक तुकडा होता. एकत्र बसल्यावाचून तो जुळला नसता. मी गप्प राहिले असते, तर त्यांनाही कळलं नसतं की आपल्या हाती दुसऱ्याला हवं असलेलं काही आहे.

दुपारी २:३०

डबे उघडले. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. परिषदेतलं बरंचसं खरं बोलणं इथंच होतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विषय निघाला. स्थलांतर करणाऱ्या लेकरांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना बसवून घेतलं जातं. एक सर म्हणाले, “मी कार्डासोबत एक चिठ्ठी देतो. लेकरू कोणती गोष्ट वाचू शकतं, कुठं अडतं, काय बोललं की हसतं. पलीकडच्या गुरुजीला सुरुवात तरी शून्यापासून करावी लागू नये.”

मला आमच्या निवृत्त गुरुजींची आठवण झाली. ज्या शिक्षकाला आपण कधी भेटणार नाही, त्यालाही आपलं ज्ञान देता येतं.

दुपारी ३:३०

शेवटचा अर्धा तास नोंदींचा. आमच्या केंद्राच्या वहीत चार रकाने आहेत: अडचण, काय करून पाहिलं, काय फसलं, कोणाकडून शिकलो. शेवटच्या दोन रकान्यांवर केंद्रप्रमुखांचा फार जीव. फसलेलं लिहिलं नाही तर पुढचा तोच खड्डा पुन्हा खणतो. आणि ज्यानं दिलं त्याचं नाव आलं नाही तर पुढच्या वेळी तो देताना हात आखडतो. माझ्या नोंदीपुढे आज तीन शाळांची नावं लागली.

शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहावं ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. ‘मराठी शालापत्रक’ १८६१मध्ये निघालं. कृष्णशास्त्री आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ते सांभाळलं. तेव्हा आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. इथं ते किती पोचलं असेल कोण जाणे. पण एका शाळेतलं शहाणपण दुसऱ्या शाळेत जावं, ही तळमळ तीच.

संध्याकाळी ५:३०

घरी आले. वाटेत किराणा दुकानातून काड्यापेटीचा पुडा आणि रबर घेतले. दहा-दहाचे गठ्ठे करायला लेकीला बसवलं. गठ्ठे बांधता बांधता तिनं विचारलं, “आई, हे तुला आधी माहीत नव्हतं?” म्हटलं, “नव्हतं. आज विचारलं.”

रात्री ९:००

फोन वाजला. देगलूरच्या मॅडमचा निरोप. परिषदेत तिनं स्वतःची अडचण सांगितली नव्हती, तिची पाळी आली तेव्हा म्हणाली होती, “माझं सगळं ठीक चाललंय.” आता लिहिलं होतं: “ताई, पहिलीतला एक मुलगा दोन महिन्यांत एक शब्द बोललेला नाही. मला वाटतं मीच कमी पडतेय. कुणाला सांगू नका.”

मी माझ्या वहीतलं पहिलं पान तिला पाठवलं, याडी आणि बाटीचं. खाली लिहिलं की, मला चार महिने लागले होते. त्याच्या घरात कोणती भाषा बोलतात ते आधी बघ. कुणाला सांगणार नाही, पण उर्दूच्या सरांकडे अशी दोन लेकरं बोलती झालीत.

बराच वेळ काही आलं नाही. दिवा मालवायला उठले तेव्हा केंद्राच्या ग्रुपवर निरोप दिसला. तिचाच होता. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: “माझी एक अडचण आहे.”

खाली उर्दूच्या सरांचं उत्तर येऊ लागलं होतं.