परसातले छायाचित्रण

कीटकांचे छायाचित्रण म्हटले की महागडा कॅमेरा आणि दूरचे जंगल डोळ्यांपुढे येते. देवगाव फाट्याला आमच्या घरामागे मात्र चवळीचा वेल, कढीपत्ता आणि झेंडूची चार रोपे एवढेच रान आहे. कॅमेरा म्हणजे घरातला मोबाईल व त्यावर चिमट्याने बसणारे छोटे भिंग. एवढ्यावर जे शिकले, ते येथे सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. कीटकांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेप्रमाणे बदलते. म्हणून सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. ऊन तापले की हाती लागत नाहीत. दुसरी गोष्ट अंतराची. भिंग जितके जवळ न्यावे, तितका स्पष्ट दिसणारा भाग कमी होतो. डोके स्पष्ट आले तर मागचा भाग धूसर होतो. म्हणून मोबाईल कीटकाच्या अंगाला समांतर धरावा. कोपर गुडघ्यावर टेकवावे, वाऱ्याची झुळूक थांबू द्यावी, श्वास रोखावा आणि लागोपाठ दहा-वीस छायाचित्रे घ्यावीत. त्यांतले एखादे साधते. आपली सावली मात्र कीटकावर पडू देऊ नये.

याचा उपयोग काय, असे वडील नेहमी विचारीत. गेल्या हिवाळ्यात चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा पडला. त्यातच काळ्या, पिवळसर ठिपक्यांच्या, सुसरीसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या फिरू लागल्या. वडील म्हणाले, "हीच अळी वेल खायलीय. उद्या फवारून टाकतो." मी एक दिवस मागून घेतला. सकाळी काढलेले छायाचित्र मोठे करून पाहिले, तर अळीच्या तोंडात पान नव्हते, मावा होता! ती ढालकिड्याची अळी होती. अळी आणि ठिपक्यांचा गोल किडा, दोघेही मावा खातात. याच कुळातले किडे 1888-89 साली ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियाला मुद्दाम नेण्यात आले आणि तेथील संत्र्या-लिंबांच्या बागा वाचल्या.

वडिलांनी छायाचित्र बराच वेळ निरखले. बोलले काहीच नाहीत. पण पंप पुन्हा छपरात टांगला. पुढे मावा ओसरला, आणि पानामागच्या कोषांतून नारिंगी ढालकिडे बाहेर पडले.

फवारा मित्र आणि शत्रू ओळखत नाही. ते काम डोळ्यांचे आहे, आणि भिंगामुळे डोळ्यांना थोडा धीर धरायची सवय लागते. आता सरकीत मावा दिसला की वडील आधी मला हाक मारतात, "तुझा मोबाईल आण बरं."