कंपनीची सिस्टिम की बाहेरची? बहरीनमधल्या गाडीवाल्यांचे काही पक्के गैरसमज

बहरीनमध्ये कुणी गाडी घेतली की आठवड्याभरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, "कंपनीचे स्पीकर कागदाचे असतात. सल्माबादच्या दुकानांत जा आणि सगळं बदलून टाक." दुसरा बजावतो, "एजन्सीबाहेर कुणाला वायरला हात लावू देऊ नकोस, वॉरंटी गेली म्हणून समज." दोघंही कळकळीने सांगतात आणि दोघांच्या सांगण्यात थोडंथोडं तथ्यही असतं. पण अशा अर्धवट माहितीवर लोक शेकडो दिनार घालवतात आणि आवाज होता तिथेच राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

माझं मत आधीच सांगतो. गाडीतला आवाज सुधारायचा तर नेमकं कमी काय पडतंय ते शोधावं आणि तेवढंच बदलावं, तेही मूळ वायर न कापता. इथल्या उन्हात आणि आपल्या नोकरीच्या बेभरवशाच्या मुदतीत हेच पटण्यासारखं आहे.

"कंपनीचे स्पीकर कागदाचे, म्हणजे टाकाऊ"

कागद हा स्पीकरच्या पडद्यासाठी उत्तम पदार्थ आहे. तो हलका असतो, ताठ असतो आणि स्वतः फारसा झणझणत नाही. घरात ठेवायच्या कितीतरी महागड्या स्पीकरांमध्ये आजही कागदच वापरतात. कंपनीच्या स्वस्त स्पीकरमध्ये काटकसर होते ती चुंबकात, व्हॉइस कॉइलमध्ये आणि प्लॅस्टिकच्या सांगाड्यात.

त्याहून मोठी अडचण स्पीकरच्या मागे असते. दाराचं आतलं पॅनल उतरवलेली गाडी कधी नीट बघा. आत पातळ पत्रा दिसतो आणि त्याला हात जाईल एवढी भोकं असतात. त्या भोकांवर काळ्या चिकट पट्टीने एक पातळ प्लॅस्टिक ताणून बसवलेलं असतं. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मागची ही उलटी लहर त्या भोकांतून पुढे येऊन समोरच्या लहरीला मारते, आणि त्यात सगळ्यात आधी खालचे, म्हणजे ढोल-डग्ग्याचे सूर जातात. पत्र्यावर बोटाने टिचकी मारली तर तो डब्यासारखा टणटणतो. ही भोकं बुजवून पत्र्याला डॅम्पिंगच्या शीट लावल्या की तीच टिचकी 'ठप्प' अशी ऐकू येते, आणि कंपनीचाच स्पीकर खालचे सूर भरदारपणे देऊ लागतो. या कामाला फारसा खर्च नसतो, पण दुकानदार ते क्वचितच सुचवतो, कारण बाहेरून ते दिसत नाही.

शीट घेताना मात्र ती ब्यूटाइल रबराचीच आहे याची खात्री करा. डांबराच्या स्वस्त शीट इथे टिकत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ४० अंशांच्या वर पारा असताना उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत ६० अंश सहज होतात. अशा वेळी डांबर मऊ पडतं, वास मारतं आणि पत्र्यावरून खाली सरकतं.

"वॅट जास्त, तितका आवाज मोठा"

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो, म्हणून इथे जरा थांबतो.

डेकच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असं छापलेलं असतं. गाडी चालू असताना बॅटरीचा दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. तेवढ्या दाबावर, डेकच्या आतला छोटा अ‍ॅम्प ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त किती देऊ शकतो? १४.४ चा वर्ग २०७, भागिले ८ (४ ओहमची दुप्पट), म्हणजे जेमतेम २६ वॅट. प्रत्यक्षात १८ ते २२ मिळतात. छापलेला ५० चा आकडा आवाज पुरता फाटलेला असतानाच्या क्षणाचा आहे. हे कंपनीच्या डेकला जितकं लागू, तितकंच बाहेरून आणलेल्या डेकलाही. त्यामुळे नुसता डेक बदलून ताकद वाढत नाही.

डिक्कीत ठेवायच्या अ‍ॅम्पवर तर '२००० वॅट' असंही बिनधास्त लिहिलेलं असतं. त्याचा फ्यूज पाहा. समजा ३० अँपिअरचा आहे. ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट, एवढीच वीज तो अ‍ॅम्प सतत ओढू शकतो. क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प त्यातली साधारण ८० टक्के स्पीकरपर्यंत पोहोचवतो, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. क्लास एबी असेल तर निम्मी-अर्धी वीज उष्णतेत जाते आणि बहरीनच्या उन्हाळ्यात डिक्कीत आणखी उष्णता कुणालाच नको असते. खोक्यावरचे मोठे आकडे सोडून 'आरएमएस' लिहिलेला, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा वाचायची सवय लावून घ्या.

शिवाय कानाचा हिशेब वेगळा आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. उलट तेवढ्याच वॅटला एक मीटरवर ८८ ऐवजी ९१ डेसिबल देणारा स्पीकर निवडला तर तेच ३ डेसिबल एकही वॅट न वाढवता मिळतात.

वॅटच्या नादात वायरकडे दुर्लक्ष होतं. बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा अशी वायर असते. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच वीज वाहून नेतं, त्यामुळे तेवढ्याच जाडीची ही वायर जास्त तापते. तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरवरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, दीड फुटाच्या आत असला पाहिजे. तो अ‍ॅम्पपाशीच लावला तर मधली अख्खी वायर संरक्षणाविना राहते. तिचं आवरण कुठे पत्र्यावर घासून निघालं तर गाडी पेटू शकते. या एका बाबतीत कुणाचीही भीड बाळगू नका.

"नुसते स्पीकर बदलले की काम झालं"

साध्या गाडीत, वेगळा अ‍ॅम्प नसेल तर, हे बऱ्यापैकी खरं आहे. पण गाडीत बोस किंवा जेबीएलसारखी कंपनीने बसवलेली वरची सिस्टिम असेल तर उलट होतं. अशा सिस्टिममधले स्पीकर बहुधा २ ओहमचे असतात, काही बोस सिस्टिममध्ये त्याहूनही कमी. त्यांच्या जागी बाजारातला ४ ओहमचा स्पीकर बसवला की त्याच दाबावर निम्मीच वीज वाहते आणि नवा महाग स्पीकर जुन्यापेक्षा हळू वाजतो. शिवाय कंपनीच्या अ‍ॅम्पने जुन्या स्पीकरचे दोष झाकण्यासाठी काही सूर वर, काही खाली केलेले असतात. तीच दुरुस्ती नव्या स्पीकरवर कर्कश वाटते. त्यात आवाज वाढवला की बरेच कंपनीचे अ‍ॅम्प स्पीकर फाटू नये म्हणून खालचे सूर आपोआप कमी करतात. अशा गाडीत बदल करायचाच तर कंपनीच्या अ‍ॅम्पमधून निघणारा सूर सरळ करून घेणारा डीएसपी लागतो. ते काम जाणकाराचंच आहे.

जाळीवरच्या नावाबद्दल एवढंच सांगतो. जेबीएल, हरमन कार्डन, इन्फिनिटी, आणि लेक्सस गाड्यांतला मार्क लेव्हिन्सन ही सगळी नावं हरमन या एकाच समूहाची आहेत. हा समूह २०१७ पासून सॅमसंगच्या मालकीचा आहे. नावापेक्षा त्या विशिष्ट गाडीत ती सिस्टिम किती काळजीने जुळवली आहे हे महत्त्वाचं. एजन्सीत टेस्ट ड्राइव्ह घेताना स्वतःच्या फोनमधलं ओळखीचं गाणं लावून पाहिलं की ते दहा मिनिटांत कळतं.

"मोठा अँड्रॉइड स्क्रीन लावला की सगळं सुधारतं"

स्क्रीनमुळे नकाशा मोठा दिसतो. जुन्या गाडीत कारप्ले हवं असेल तर ती सोय खरी आहे. आवाजाशी तिचा संबंध थोडाच.

आणि इथे उष्णतेचा प्रश्न पुन्हा येतो. गाडीसाठी बनवलेले इलेक्ट्रॉनिक भाग साधारण उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालतील असे निवडलेले असतात. घरगुती वस्तूंमधल्या साध्या चिप मात्र शून्य ते ७० अंशांसाठीच्या. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत जातो. बिननावाच्या स्वस्त स्क्रीनमध्ये कोणते भाग आहेत हे कुणीच सांगत नाही. दुपारी गाडी सुरू केल्यावर तो काही मिनिटं प्रतिसादच देत नाही किंवा पुनःपुन्हा बंद-चालू होतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. नव्या गाड्यांत तर एसीची बटणं, कॅमेरा, पार्किंगची टिकटिक, सीटबेल्टचा इशारा सगळं त्याच स्क्रीनमधून जातं. ते मुळातूनच उपटू नये असं मला ठामपणे वाटतं.

याच संदर्भात इथलाच एक खास गैरसमज. अमेरिकेतून आलेली जुनी गाडी घेतलेले लोक म्हणतात, "रेडिओ बाद आहे, स्टेशन खरखरतं." अमेरिकन रेडिओ एफएमवर ०.२ च्या टप्प्याने, फक्त विषम आकड्यांवर थांबतो: १०४.१, मग थेट १०४.३. बहरीनमध्ये हिंदी गाण्यांसाठी ज्या १०४.२ ची लोकांना सवय आहे, तिथे तो थांबतच नाही. ९६.५ वरचं इंग्रजी रेडिओ बहरीन मात्र स्वच्छ लागतं. म्हणजे रेडिओ धडधाकट आहे. काही गाड्यांत सेटिंगमध्ये जाऊन प्रदेश बदलता येतो. नवा डेक घ्यायच्या आधी तेवढं पाहा.

"वूफर म्हणजे पोरांची धडधड"

पन्नाशीच्या पुढची मंडळी हे ठासून सांगतात आणि नेमकी तीच मंडळी भजन, नाट्यगीत, शास्त्रीय गाणं ऐकणारी असतात. डग्ग्याचा घुमार आणि पखवाजाचा 'धुम' हे शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतात. दारातला साडेसहा इंची स्पीकर तिथे धापा टाकतो. सीटखाली मावणारा आठ इंची छोटा वूफर हळू आवाजात लावला तर धडधड होत नाही, उलट तबला पूर्ण ऐकू येतो. दारातल्या स्पीकरवरचा भार हलका झाल्यामुळे गायकाचा आवाजही मोकळा होतो. माझ्या मते डॅम्पिंगनंतर पैसे घालावेत ते इथे.

एक काळजी घ्या. काही गाड्यांत इंजिनची घरघर मारण्यासाठी आत माइक असतात आणि स्पीकरमधून उलटी लहर सोडली जाते. तिथे बाहेरचा वूफर बसवला की ही यंत्रणा गोंधळते आणि गाडी घुमायला लागते. बसवणाऱ्याला हे आधी विचारा. त्याला माहीत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

"उत्तम सामान घेतलं की उत्तम आवाज"

बहरीनमध्ये आपण डावीकडे बसून गाडी चालवतो. डावा स्पीकर कानापासून समजा ८० सेंटिमीटरवर आहे आणि उजवा १४० वर. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजवीकडचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा येतो. एवढ्याने सगळं गाणं डाव्या दाराला चिकटतं. डीएसपीमध्ये डाव्या स्पीकरला तेवढाच उशीर दिला की आवाज डॅशबोर्डच्या मधोमध येतो. भारतातल्या मित्राने पाठवलेली सेटिंग जशीच्या तशी टाकू नका. ती उजवीकडे बसणाऱ्याची आहे.

पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेलं गीतरामायण किंवा त्या काळातली नाट्यपदं मोनो आहेत. दोन्ही बाजूंनी एकच आवाज येतो. या गाण्यांना ना हजार वॅट लागतात ना बारा स्पीकर. मधले सूर स्वच्छ हवेत आणि वेळेची ही जुळणी हवी. अशी जुळणी बऱ्याच बऱ्या डेकमध्ये आधीपासून असते, कुणी उघडून पाहत नाही इतकंच.

अ‍ॅम्पवरचा 'गेन' हा आवाज वाढवायचा खटका नव्हे. डेकच्या सुराशी अ‍ॅम्प जुळवण्यासाठी तो असतो. तो पूर्ण पिळला की सूर फाटतो आणि आधी ट्वीटर जळतो.

"बाहेर काम केलं, वॉरंटी गेली"

सरसकट असं नसतं आणि सरसकट बिनधोकही नसतं. स्पीकर बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जाण्याचं कारण नाही. पण मूळ वायर कापून टेप गुंडाळली असेल आणि पुढे इलेक्ट्रिकल बिघाड झाला, तर एजन्सीच्या हातात नकार द्यायला कारण मिळतं. म्हणून त्या गाडीसाठीचा तयार कपलर मागा. तो लावला की एकही वायर कापावी लागत नाही. गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेतली अट वाचा, विमा कंपनीला बदल कळवा, आणि दुकानातून १० टक्के व्हॅट दाखवलेलं रीतसर बिल घ्या. उद्या सामान बिघडलं तर दुकानदाराकडे किंवा वाणिज्य मंत्रालयाच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे जायला हाच कागद लागतो. गाडी ऑफिसची किंवा लीजवरची असेल तर मात्र कशालाही हात लावू नका.

"एवढा खर्च केला, गाडी विकताना वसूल होईल"

होत नाही. नोकरी संपून निघायची वेळ आली की गाडी महिन्याभरात विकावी लागते आणि घेणारा मूळ अवस्थेतली गाडी शोधत असतो. डिक्कीतला मोठा डबा आणि कापलेलं पॅनल पाहून तो भाव पाडतो. त्यामुळे काढलेले स्पीकर, ब्रॅकेट, जाळ्या आणि स्क्रूसुद्धा एका खोक्यात नाव घालून घरात ठेवा, गाडीच्या डिक्कीत नको. विकायच्या आधी दुपारभर काम केलं की सगळं पूर्ववत बसतं. अ‍ॅम्प आणि वूफर वेगळे विकले तर गाडीसोबत दिल्यापेक्षा बरे पैसे येतात.