मोडीत निघालेला समुद्र

वणीला सप्तशृंगीचा गड आहे, समुद्र नाही. फौज म्हटली की आमच्या तालुक्याला देवळालीचा तोफखाना आठवतो. नाणी जमवणाऱ्यांसाठी जिल्ह्यातच अंजनेरीची मुद्रा संशोधन संस्था आहे. पदकांच्या नादी लागलेला माणूस मात्र बहुधा एकटाच, आणि त्यातही नौदलाच्या पदकांचा शौकीन विरळाच.

पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं. कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव कोरलेलं. चांदी वधारली की अशी पदकं वितळली जायची. एक माणूस कडेसकट मोडीत जमा. दुसऱ्या महायुद्धातले सहा टोकांचे ‘स्टार’ तांब्या-जस्ताच्या मिश्रधातूचे, म्हणून सराफाच्या मुशीतून वाचले. पण ब्रिटनने आपल्या लोकांना दिलेले स्टार कोरेच होते, त्यांवर नाव नाही. सेवापुस्तिका हरवली की असा स्टार कुणाचाही होतो. म्हणून मी नुसत्या सुट्या पदकाला संग्रह म्हणत नाही. चार पदकांचा संच, त्यांच्या फिती आणि एक पिवळा कागद एकत्र हवेत.

फिती वाचता आल्या तर माणूस कुठे होता ते कळतं. 1939-45 स्टारवर गडद निळा, तांबडा आणि फिका निळा: नौदल, भूदल, हवाईदल. अटलांटिक स्टारची निळी-पांढरी-हिरवी फीत एकमेकांत विरघळते, समुद्रासारखीच. हा स्टार व्यापारी जहाजांवरच्या खलाशांनाही मिळे, आणि तिथे कोकणी माणूस होताच. रॉयल इंडियन नेव्हीची युद्धापूर्वीची खलाशी भरतीही मुख्यतः रत्नागिरीकडच्या मुसलमानांतून होई. युद्धाआधी जेमतेम दोन हजारांचं हे दल 1945 पर्यंत पंचवीस हजारांवर गेलं. नौदल आणि व्यापारी जहाजं मिळून समुद्रात प्राण गेलेल्या 6,000 हून अधिक हिंदी खलाशांची नावं मुंबई आणि चितगावच्या स्मारक-नोंदवह्यांत आहेत.

एक लढाई सांगायलाच हवी. 11 नोव्हेंबर 1942. याच नेव्हीची ‘बंगाल’ ही छोटी सुरुंगशोधक नौका ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाला घेऊन फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघाली होती. वाटेत दोन जपानी जहाजं आडवी आली, दोन्ही कितीतरी मोठी, जड तोफांची. ‘बंगाल’वर एकच बारा पौंडी तोफ. लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ‘ओंदिना’ला निसटायला सांगून नौका सरळ शत्रूवर घातली. जपान्यांचं ‘होकोकु मारू’ पेटून बुडालं. निर्णायक गोळा कुणाचा, यावर ‘बंगाल’ आणि ‘ओंदिना’ दोघांचेही दावे आहेत. दोन्ही बचावली.

याच नौदलाने फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या तळापासून बंड केलं. तीन वर्षांच्या सेवेचं इंडिया सर्व्हिस मेडल सुरू झालं ते त्याच वर्षी जूनमध्ये! साहेबाचा हिशेब असाच असतो, आधी गोळीबार, मग फीत.

घरात एखादं पदक असेल तर ब्रासोने घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. विकायची घाईही नको. शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाची झाली आहेत.