जुना मोडेम, नवी जोडणी

चालती वस्तू अडगळीत टाकणे आपल्या घरांतून कधीच कोणाला मानवलेले नाही. पातेल्याला कल्हई लावून घ्यावी, छत्रीची काडी बदलून घ्यावी, हा आपल्या संसाराचा रिवाज. तेव्हा इंटरनेट देणारी कंपनी बदलण्याची वेळ आली, की 'घरातला मोडेम चांगला चालतो आहे, तोच नव्या जोडणीला का लावू नये?' असा प्रश्न निघतो आणि तो रास्तच असतो. त्याचे उत्तर भिंतीतून घरात कोणती तार येते, यावर अवलंबून आहे.

भारत संचार निगमाने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवा सुरू केली, ती टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. त्या तारेतील विद्युतसंकेतांचे संगणकाला समजेल अशा रूपात आणि उलट रूपांतर करणे, हे मोडेमचे काम. आता बहुतेक शहरांत तांब्याच्या जागी काचेचा केसासारखा बारीक तंतू, म्हणजेच फायबर, आला आहे. त्यातून वीज नव्हे, प्रकाश धावतो. हा प्रकाश वाचणाऱ्या पेटीस 'ओएनटी' म्हणतात. तांब्याच्या तारेसाठी घडवलेल्या मोडेमला प्रकाशाची लिपी येत नाही. कितीही खटपट केली तरी तो फायबरला जोडता येणार नाही.

म्हणजे तो निरुपयोगी झाला काय? मुळीच नाही. आपण ज्याला मोडेम म्हणतो, त्या पेटीत बहुधा तीन कामे एकवटलेली असतात: संकेतांचे रूपांतर, घरातील अनेक यंत्रांत इंटरनेटची वाटणी आणि वायफाय. पहिले काम संपले तरी शेवटचे शिल्लक असते. वाड्याच्या मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नसेल, तर जुनी पेटी तिथे ठेवावी. तिच्या सेटिंगमध्ये 'डीएचसीपी' बंद करावे, तिचा पत्ता नव्या पेटीच्या पत्त्याहून वेगळा ठेवावा (नवीचा १९२.१६८.१.१ असल्यास जुनीचा १९२.१६८.१.२) आणि दोन्ही पेट्यांची 'लॅन' छिद्रे केबलने जोडावीत. अशा जुन्या पेट्यांची छिद्रे बहुधा सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंतचाच वेग पेलतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

नवी जोडणीही तांब्याच्याच तारेवर असेल, तर जुना मोडेम चालण्याचा संभव पुष्कळ. नव्या कंपनीकडून वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि 'व्हीपीआय' व 'व्हीसीआय' हे दोन आकडे मागून घ्यावेत. भारत संचार निगमाचे हे आकडे ० आणि ३५ असे आहेत. ते चुकले, तर तारेचा दिवा स्थिर जळतो, पण इंटरनेट येत नाही.

एका फायबर कंपनीकडून दुसरीकडे जाताना मात्र पैसे मोजण्यापूर्वीच विचारून घ्यावे. ओएनटी आपल्या अनुक्रमांकानिशी कंपनीच्या केंद्रात नोंदवावी लागते. शिवाय जीपॉन आणि ईपॉन अशा दोन पद्धती असून प्रत्येक पेटीला दोन्ही येतातच असे नाही. आपण स्वतः विकत घेतलेला वेगळा राउटर असल्यास काळजीचे कारण नाही. नव्या ओएनटीची केबल त्याच्या 'वॅन' छिद्रात लावावी आणि कंपनी सांगेल ती जोडणीची पद्धत निवडावी. केबलवाल्याच्या जोडणीत कधी कधी जुन्या राउटरचा 'मॅक' क्रमांक नोंदलेला असतो. राउटर बदलल्यास तो त्यांच्याकडून बदलून घ्यावा.

आता कामाचा क्रम. नवी सेवा दोन-चार दिवस नीट चालल्याखेरीज जुनी तोडू नये. जुनी पेटी कंपनीची असल्यास ती परत करून पोच घ्यावी आणि अनामत रकमेची पावती शोधून ठेवावी. परत करण्यापूर्वी पेटीवरील बारीक छिद्रात टाचणी घालून सुमारे दहा सेकंद दाबावे, म्हणजे आपले पासवर्ड पुसले जातात. तीच पेटी पुन्हा वापरायची असेल, तर त्याआधी सगळी सेटिंग वहीत उतरवून घ्यावी. नव्या वायफायला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, तर घरातील फोन, दूरदर्शनसंच वगैरे बहुधा आपोआप जोडले जातात. पेटीच्या सेटिंगचा पासवर्ड मात्र अवश्य नवा ठेवावा. एका पेटीचा अडॅप्टर दुसरीला लावताना व्होल्टचा आकडा जुळतो ना, हे पाहावे. फायबरच्या उघड्या टोकात डोकावू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यास अपाय करू शकतो.

एक गोष्ट मात्र पैशाहून मोलाची. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या अनेक घरांत आज वडीलधारी मंडळीच उरली आहेत आणि मुले पुण्याला किंवा परदेशी आहेत. तांब्याच्या टेलिफोनला वीज केंद्रातून मिळे. घरचे दिवे गेले तरी तो वाजत असे. फायबरच्या पेटीला घरचीच वीज लागते. म्हणून तिच्यासाठी छोटा यूपीएस घ्यावा किंवा ती इन्व्हर्टरवर घ्यावी. जुनी तार तोडल्याने वर्षानुवर्षांचा टेलिफोन क्रमांक जाणार काय, हेही आधी लेखी विचारावे. नातेवाइकांच्या जुन्या डायऱ्यांतून आणि बँकेच्या कागदांतून तोच नोंदलेला असतो.