मोटारबोटीचा पंखा व इंजिनाची शीतकरण व्यवस्था : परस्परसंबंधाचे विवेचन

प्रस्तावना :
समुद्रात नौकेचे इंजिन बंद पडणे ही रस्त्यावर वाहन बंद पडण्यासारखी घटना नव्हे. वाहन जागच्या जागी थांबते. नौका मात्र वारा, प्रवाह व लाटा यांच्या स्वाधीन होते. खडकाळ किनारा जवळ असल्यास खलाशांच्या जीवितालाच धोका उत्पन्न होतो. कोकण किनारपट्टीवरील यांत्रिक मासेमारी नौकांच्या दृष्टीने हा प्रश्न दैनंदिन महत्त्वाचा आहे. वेग कमी झाला की दोष पंख्यात आणि इंजिन तापले की दोष पाण्याच्या पंपात, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः ही दोन्ही अंगे परस्परावलंबी आहेत. प्रस्तुत लेखात या परस्परसंबंधाचे विवेचन केले आहे.

पंख्याचे कार्य :
नौकेचा पंखा, म्हणजेच प्रोपेलर, पाणी मागे ढकलतो व त्याच्या प्रतिक्रियेने नौका पुढे जाते. पंख्याचे वर्णन मुख्यतः व्यास आणि पिच या दोन मापांनी केले जाते. लाकडात स्क्रू फिरवावा त्याप्रमाणे पंखा एका फेऱ्यात सैद्धांतिकदृष्ट्या जेवढे अंतर पुढे जाईल, ते त्याचे पिच होय. उदाहरणार्थ, इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल आणि गिअरबॉक्सचे गुणोत्तर ३:१ असेल, तर पंखा ६०० फेरे घेतो. त्याचे पिच १८ इंच असल्यास सैद्धांतिक वेग ताशी सुमारे १६.५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ९ नॉट येतो. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने प्रत्यक्ष वेग याहून कमी असतो. या फरकास 'स्लिप' म्हणतात. स्लिप ३० टक्के धरल्यास वेग ६ नॉटच्या किंचित वर राहतो. मात्र स्लिप म्हणजे निव्वळ अपव्यय नव्हे. पाण्याला मागे वेग दिल्याखेरीज पुढे रेटा मिळत नाही.

पंखा अतिवेगाने फिरल्यास किंवा त्याच्या पात्यांवर अतिरिक्त भार आल्यास पात्याच्या एका बाजूस दाब इतका घटतो की, सामान्य तापमानालाच पाण्याची वाफ होऊन बुडबुडे निर्माण होतात. यास 'कॅव्हिटेशन' असे म्हणतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या नौकेस १८९४ मध्ये याच कारणाने अपेक्षित वेग मिळेना. पुढे तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन पंखे बसवून भार विभागला गेला आणि १८९७ मध्ये तिने सुमारे ३४ नॉटचा वेग गाठून दाखविला. जड व मंद नौकांना गिअरबॉक्सद्वारे फेरे कमी करून मोठ्या व्यासाचा पंखा का जोडतात, याचा उलगडा यावरून होतो.

शीतकरणाचे प्रकार :
डिझेल इंजिनात इंधनातील ऊर्जेपैकी साधारणतः ३५ ते ४० टक्के ऊर्जेचेच यांत्रिक कार्यात रूपांतर होते. उर्वरित ऊर्जेचा बराचसा भाग धुराबरोबर व शीतकरणाच्या पाण्याबरोबर बाहेर जातो. पहिल्या पद्धतीत समुद्राचे पाणी थेट इंजिनात फिरविले जाते. हे पाणी फार तापल्यास क्षारांचे थर साचतात. म्हणून इंजिनाचे तापमान तुलनेने कमी ठेवावे लागते. दुसऱ्या पद्धतीत इंजिनात गोडे पाणी बंदिस्तपणे फिरते व उष्णता-विनिमयकात समुद्राच्या पाण्याला उष्णता देते. तिसऱ्या पद्धतीत गोडे पाणी नौकेच्या तळालगतच्या नळ्यांतून फिरविले जाते. गाळयुक्त खाडीत ती उपयुक्त ठरते. पहिल्या दोन्ही पद्धतींत समुद्राचे पाणी तळातील छिद्रातून किंवा नळीतून, जाळी पार करून, बहुधा रबरी पात्यांच्या पंपाद्वारे येते. प्लास्टिकची पिशवी या वाटेत अडकली, तर कोरडा चालणारा पंप अल्पावधीत निकामी होतो.

परस्परसंबंध :
पंख्यास लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्क्यांनी कमी केल्यास शक्तीची गरज सुमारे २७ टक्क्यांनी घटते. हे सूत्र एकाच पंख्यास व एकाच स्थितीतील नौकेस लागू पडते. पंख्याचे पिच अधिक असेल, तळावर शेवाळ व शिंपल्यांसारखे जीव साचले असतील किंवा पंख्यात जाळे गुंतले असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांना अधिक शक्ती लागते. इंजिन निर्धारित फेरे गाठू शकत नाही, इंधन मात्र पूर्ण घेते; परिणामी काळा धूर येतो व इंजिनाचे भाग अधिक तापतात. पाण्याचा पंप बहुधा इंजिनावरच चालत असल्याने फेरे घटताच पाण्याचा पुरवठाही घटतो. म्हणजे शीतकरणाची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच वेळी पाणी कमी मिळते. अशा वेळी केवळ पंप बदलल्याने मूळ दोष दूर होत नाही.

व्यावहारिक निष्कर्ष :
नौका नेहमीच्या भारासह पूर्ण जोराने चालविली असता इंजिन निर्मात्याने सांगितलेले फेरे गाठते किंवा नाही, ही साधी परंतु निर्णायक चाचणी होय. फेरे कमी भरल्यास इंजिनाबरोबरच तळ व पंखा तपासणे आवश्यक ठरते. समुद्राचे पाणी धुराच्या नळीतून बाहेर पडत असल्यास त्याच्या धारेकडे तांडेलाचे लक्ष असावे. धार क्षीण होणे ही पहिली सूचना असते. केवळ तापमापकावर विसंबणे योग्य नाही, कारण गोडे पाणी निघून गेल्यास त्याचा संवेदक कोरडा पडून चुकीचे तापमान दाखवू शकतो. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते. म्हणून ते थंड होईपर्यंत थांबावे.

समारोप :
पंखा, तळ, इंजिन व पाणी ही एकच साखळी आहे. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा चारही कड्यांची एकत्रित तपासणी शक्य असते. किनारपट्टीवरील महाविद्यालयांत न्यूटनचा तिसरा नियम आणि ऊष्मागतिकी शिकविताना हे उदाहरण घेतल्यास, मच्छीमार कुटुंबांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील सूत्र व घरची नौका यांतील नाते उमगेल. त्या ज्ञानाचा उपयोग परीक्षेपुरता मर्यादित न राहता, समुद्रावर गेलेली माणसे सुखरूप परत येण्यासाठीही होईल.